दीड इंचाची भिंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सोमवारी कारखान्यांना सुट्टी असायची. एरवी लेथ, ग्राइंडर आणि घणांनी कान किटवणाऱ्या त्या गल्ल्या सोमवारी इतक्या गप्प पडत, की पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याची पावलंही ऐकू यावीत. त्या शांततेत श्रीपालशेठच्या फौंड्रीतल्या एका खोलीतून मात्र रंध्याचा आवाज यायचा. कोपऱ्यावरचा चहावाला नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "शांतवन मिस्त्री हाय. रविवारचं काम भरून देतोय."

शांतवन आवळे पॅटर्नमेकर होता. पंपाचा किंवा गिअरबॉक्सचा लोखंडी भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तो मातीत दाबून साचा उठवायचा आणि त्यात तापलेला रस ओतायचा. लोखंड निवताना आकसतं, म्हणून नमुना किती मोठा ठेवायचा हे ज्याला कळतं तोच खरा कारागीर. शांतवनला ते कळायचं. त्याच्या हातचा पॅटर्न दुसऱ्यांदा रंध्याखाली घ्यावा लागला, असं त्या फौंड्रीत कुणाच्या आठवणीत नव्हतं.

कामाला लागला त्याच दिवशी त्यानं शेठना सांगून टाकलं होतं, की आम्ही ख्रिस्ती माणसं, रविवारी सकाळी मला उपासनेला जावं लागतं, ते तास मी सोमवारी येऊन भरून देईन. श्रीपालशेठ जैन. रोज सकाळी अनवाणी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन आल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारे. त्यांनी या उंच, सडसडीत पोराकडं जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "देवाची वेळ पाळणारा माणूस माप पण पाळंल. ये तू सोमवारी." तेव्हापासून सोमवारच्या किल्ल्या शांतवनकडं होत्या.

उपासना भरायची गडमुडशिंगीला, त्याच्या आईच्या घरात. आईचं नाव चिमणाबाई. माहेर पार दक्षिणेला, कर्नाटकच्या सीमेकडच्या एका खेड्यातलं, त्यामुळं शांतवन तिला कानडी रीतीनं अव्वा म्हणायचा. गावात ख्रिस्ती घरं पंधरा-सोळा. त्यांना स्वतःचं चर्च नव्हतं. शनिवारी चिमणाबाई सोपा सारवायची, जाजम अंथरायची, रविवारी कोल्हापुराहून पाळक म्हणजे धर्मगुरू सायकलवर यायचे आणि सोप्यात गाणी सुरू व्हायची. तीस वर्षं हे चाललं होतं. कुणी विचारलं, तुमचं चर्च कुठं हाय, तर ती पदर सावरून सांगायची, की देव दर आठवड्याला माझ्याच घरी येतो, मला कुठं जायला लागत न्हाय.

शांतवन तिथं मुलांचा शब्बाथशाळेचा, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाचा, वर्ग घ्यायचा. चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात धडा आला यरुशलेमच्या मंदिराचा. त्यानं खडूनं फळ्यावर चित्र काढलं: बाहेरचं अंगण, वेदी, पवित्रस्थान, मग पडदा आणि पडद्यामागं परमपवित्रस्थान. मुलांना काही उमजेना. देऊळ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं शिखर, घंटा आणि गाभाऱ्यातली मूर्ती. आत कुठला देव बसवला होता, असं एका पोरीनं विचारलं. मूर्ती नव्हती, असं त्यानं सांगितल्यावर तिनं विचारलं, मग एवढं मोठं कशाला बांधलं. उत्तर त्याला ठाऊक होतं, पण खडूनं ते निघेना. घरी जाताना सायकलवरच त्यानं ठरवलं, की हे लाकडात करायचं.

तेव्हापासून सोमवारी शेठचे तास भरून झाले, की तो उरलेल्या वेळात मंदिराला बसायचा. लाकूड म्हणजे पॅटर्नमधून उरलेले सागवानी तुकडे. शास्त्रात, म्हणजे बायबलात, मंदिराची मापं हातांत दिलेली. साठ हात लांब, वीस हात रुंद, तीस हात उंच. त्यानं अर्ध्या इंचाला एक हात धरला. मापं टिपता टिपता एक दिवस त्याची नजर अशा ओळींवर पडली, ज्या त्यानं लहानपणापासून ऐकल्या होत्या, पण कधी मनावर घेतल्या नव्हत्या. शलमोन राजानं मंदिरासाठी सोर शहराहून एक ओतारी बोलावला होता. हिराम त्याचं नाव, विधवेचा मुलगा. दारापुढचे पितळेचे दोन खांब, बैलांच्या पाठीवरचा गंगाळसागर नावाचा पाण्याचा प्रचंड हौद, घंगाळं, फावडी, सगळं त्यानं यार्देन नदीकाठच्या चिकणमातीत साचे करून ओतलं होतं.

शांतवन उठून उभाच राहिला. म्हणजे नदीकाठी मातीत साचे घालणारी, भट्टीपुढं घामाघूम होणारी आपल्यासारखी माणसं त्या मंदिरात होती. राजे होते, याजक होते, पण त्यांच्याआधी ओतारी होता. दुसऱ्या दिवशी त्यानं हे शेठना सांगितलं. शेठनी मन लावून ऐकलं. पितळ इतकं लागलं की त्याचं वजनच केलं नाही, हे ऐकल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. "वजन केलं न्हाय? मग कारखाना चालला कसा त्याचा?" म्हणाले, आणि साऱ्या फौंड्रीत हसू पिकलं. पण त्या दिवसापासून जुन्या पॅटर्नच्या फळीवर त्यांनी शांतवनसाठी एक कोपरा मोकळा करून दिला, आणि या लाकडाला कुणी हात लावायचा न्हाय, असं सगळ्यांना बजावलं.

दोन वर्षांनी मंदिर उभं राहिलं. पाळकांकडच्या एका जाड पुस्तकात वाचून त्यानं भोवतीची अंगणंही केली. आतलं अंगण पुरुषांचं, त्याच्या अलीकडं बायकांचं, आणि सगळ्यांत बाहेरचं परक्या जातींचं. बाहेरच्या अंगणात एक ठेंगणी भिंत होती, तीन हात उंच. जो यहूदी नाही त्यानं तिच्या पुढं पाऊल टाकलं, तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार, असं तिच्यावर दगडात कोरलेलं. शांतवननं ती दीड इंचाची करून खाली सरसानं पक्की चिकटवली.

शहाण्णवच्या नाताळाआधी त्यानं सगळं टेंपोत घालून गडमुडशिंगीला आणलं आणि सोप्यात मांडलं. पोरं भोवती गोळा झाली. त्यानं एकेक जागा बोट ठेवून समजावली. चिमणाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. सत्तरीची बाई, अक्षर ओळखत नव्हती, पण शास्त्रातल्या गोष्टी तिला पाठ होत्या. सगळं सांगून झाल्यावर ती पुढं आली, वाकली आणि म्हणाली,

"मी कुठवर आत गेलो असतो रं?"

शांतवनला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि कळल्यावर बोट हलेना. शेवटी त्यानं दीड इंचाच्या भिंतीबाहेर बोट ठेवलं. "हितवर, अव्वा."

तिनं त्या जागेकडं नीट पाहिलं. तिच्या माहेरी देवळाच्या खालच्या पायरीपाशी तिच्या बापाला थांबावं लागायचं. नारळ पायरीवर ठेवून मागं सरायचं, मग कुणीतरी वरून येऊन तो न्यायचं आणि अर्धी भकल लांबूनच खाली टाकायचं. ती पदर पसरून झेलायची. तिचा बाप ख्रिस्ती झाला तो त्या पायरीमुळं, असं ती नेहमी सांगायची. आता ती एवढंच म्हणाली, "मग हितं पण पायरी व्हतीच म्हण की," आणि चुलीकडं निघून गेली.

शांतवनच्या जिवाला ते लागलं. त्यानं मागं जाऊन सांगितलं, की पुढं प्रभू क्रुसावर मेला तेव्हा मंदिरातला पडदा वरून खालपर्यंत फाटला आणि सगळ्यांना वाट मोकळी झाली. चिमणाबाई भाकरी थापत म्हणाली, की ते मला ठावं हाय, पडदा फाटला, पण भिंत कुणी पाडली ते तू सांगितलं न्हाईस. दुसऱ्या सोमवारी मंदिर पुन्हा फौंड्रीतल्या कोपऱ्यात आलं, आणि त्यावर त्यानं पोतं टाकून ठेवलं.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये एका मोठ्या पंपाच्या ऑर्डरीसाठी पुण्याहून तपासनीस आले. एझिकेल चेऊलकर त्यांचं नाव. साठीला आलेले, जाड भिंगांचा चष्मा, मराठी अस्सल कोकणी वळणाचं. पॅटर्न तपासायला ते शांतवनच्या खोलीत आले. तासभर कॅलिपर लावून मापं घेतली, कुठं चूक सापडली नाही. वहीवर सही करताना त्यांचा धक्का पोत्याला लागला आणि ते घसरलं.

चेऊलकरसाहेब बघतच राहिले. मग चष्मा काढून पुसला, परत घातला आणि खांबांच्या कळसांवरच्या डाळिंबांवरून हलकेच बोट फिरवलं. शांतवननं दाण्याएवढी ती डाळिंबं एकेक करून पटाशीनं काढली होती.

"हे कुणी केलं?"

मी केलं, असं शांतवननं सांगितलं. कशासाठी, तेही सांगितलं.

"मिस्त्री, हे आमचं देऊळ," साहेब म्हणाले.

ते बेने इस्राएल होते, कोकणातले यहूदी. वाडवडील अलिबागेकडं तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. शांतवननं शास्त्रातले यहूदी जन्मभर वाचले होते, पण हातात कॅलिपर घेतलेला, मराठी बोलणारा यहूदी त्यानं पहिल्यांदाच पाहिला. त्यानं स्टूल पुसून पुढं केलं. चहा आला. पंपाचं काम राहिलं बाजूला.

साहेबांनी सांगितलं, की रोमी फौजांनी त्या जागेवरचं देऊळ जाळलं त्याला आता एकोणीसशेच्या वर वर्षं झाली. तेव्हापासून यज्ञ नाही, वेदी नाही. ज्या वेळी तिथं सकाळ-संध्याकाळचा यज्ञ व्हायचा त्या वेळी आम्ही प्रार्थना म्हणतो, आणि जगात कुठंही असलो तरी तोंड त्या जागेकडं करतो. शुक्रवारी सांजवेळी जेवायला बसताना भाकर मिठाला लावून खातो, कारण वेदीवरच्या अर्पणाला मीठ लागायचं. आता घरचा पाटच आमची वेदी. देऊळ जळालं त्या दिवशी, आषाढ-श्रावणाच्या सुमाराला, आम्ही जमिनीवर बसून उपास करतो. त्यांच्या आजीकडं त्याला बिरड्याचा सण म्हणायचे, कारण उपास सोडायचा तो वालाच्या बिरड्यानं. आणि नवं घर बांधलं, की दारासमोरच्या भिंतीवर हातभर जागा गिलाव्याशिवाय सोडायची. देवाचं घर उजाड असताना आपलं घर पुरं झालं असं म्हणायचं नाही, म्हणून.

मग साहेब पुन्हा मंदिराकडं वळले आणि तपासनिसाच्या आवाजात म्हणाले, "यात एक चूक आहे. देऊळ तुम्ही शलमोनाचं केलंत, आणि ही बाहेरची अंगणं, ही ठेंगणी भिंत त्याच जागी पुन्हा बांधलेल्या, हेरोद राजाच्या काळातल्या देवळाची. दोघांत नऊशे-साडेनऊशे वर्षांचं अंतर आहे. शलमोनाच्या देवळाला ही भिंत असल्याचं कुठंही लिहिलेलं नाही."

शांतवनच्या कानशिलांवर रक्त चढलं. एकोणीस वर्षांत त्याच्या कामात कुणी चूक काढली नव्हती, आणि काढली ती इथं. साहेबांना ते दिसलं असावं. ते सावकाश बोलू लागले. देऊळ पुरं झाल्यावर राजानं काय मागितलं ते आठवतं का तुम्हांला? वेदीपुढं हात पसरून तो आधी म्हणाला, की आभाळातही तू मावत नाहीस, या घरात काय मावणार. आणि मग मागितलं, की लांबच्या देशातला परका माणूस तुझं नाव ऐकून इथं आला आणि त्यानं हाक मारली, तर त्याचंही ऐक.

शांतवननं तो अध्याय कितीदा तरी वाचला होता. पण मापं टिपता टिपता प्रार्थना वाचायची राहूनच गेली होती.

त्यानं साहेबांना अव्वाचा प्रश्न सांगितला. पडद्याचंही सांगितलं. साहेबांनी मान हलवली. पडद्याची गोष्ट तुमची, म्हणाले, आमचं तसं म्हणणं नाही. आमचं तर सगळं मंदिरच जळालं, आणि आम्ही अजून वाट बघतोय. त्यावर शांतवन म्हणाला, की आमची वाट बघून झाली, आता विश्वास ठेवणारी माणसं हेच मंदिर, असं आम्ही मानतो. दोघंही आपापल्या जागी ठाम राहिले. कुणी कुणाला ओढलं नाही. उठताना साहेब म्हणाले, "तुमच्या आईंना सांगा, आता आम्हीही बाहेरच्याच भिंतीशी उभे असतो. यरुशलेमात देवळाची तेवढीच उरली आहे."

पुढच्या सोमवारी शांतवननं मंदिर कोपऱ्यातून पुढं ओढलं. भिंत उपटून टाकावी असं एकदा मनात आलं. पण ती खरी होती. प्रभूच्या काळात ती तिथं होती आणि तिच्यापाशी माणसं अडलेली होती. हे लपवून मुलांना काय शिकवायचं? विचार करता करता त्याला वाट सुचली ती त्याच्या धंद्यातूनच. पॅटर्नचा एखादा भाग असा बाहेर आलेला असतो, की अख्खा पॅटर्न मातीतून उचलला तर साचा ढासळतो. तो भाग वेगळा करून खुंटीवर बसवतात आणि वेगळाच काढून घेतात. लूज पीस म्हणतात त्याला. शांतवननं सरस सोडवला, भिंतीला खालून बारीक खुंट्या केल्या, पाटाला भोकं पाडली. आता भिंत पक्की बसायची आणि हातानं उचलली की निघायची. पडदाही त्यानं तसाच केला, मधोमध चिरलेल्या दोन तुकड्यांचा. आईला मात्र काही सांगितलं नाही.

त्याच सुमाराला मंडळीनं चर्च बांधायचं मनावर घेतलं. चिमणाबाईनं आपल्या घराशेजारची परड्याची जागा दिली. बांधकाम गावातल्याच गणपती गवंड्याकडं. गणपती बौद्ध, शांतवनचा शाळेपासूनचा सोबती. त्याच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. पायरीच्या गोष्टी त्याच्याही घरात होत्या, त्यामुळं त्या दोघांत फार बोलावं लागायचं नाही.

शांतवननं एक हट्ट धरला. शलमोनाचं मंदिर बांधताना दगड खाणीतच घडवून आणले होते, जागेवर हातोड्याचा आवाज होऊ दिला नव्हता. गणपती हसून म्हणाला, की ह्या काळ्या फत्तराला हातोडा लागणार न्हाय तर काय फुंकर मारू? तेव्हा तडजोड झाली. दगडाचं काम गणपतीच्या रीतीनं. पण दारं, खिडक्या, छताच्या कैच्या शांतवन करणार, आणि त्या बसवताना खिळा ठोकायचा नाही. वर्षभर सोमवारी तो सांधे कापत होता. बसवायच्या दिवशी सगळी वाडी बघायला आली. कैच्या वर चढल्या, खाचेत कूस गेली, सागवानी खुंट्या तळहातानं दाबल्या की आत सरकत होत्या. दुपारपर्यंत छताचा सांगाडा उभा राहिला आणि कुणाच्या हातात हातोडा नव्हता. गणपतीनं खालून एक खांब हलवून पाहिला. हलला नाही. मग तो एवढंच म्हणाला, "मानलं मर्दा."

भांडण झालं ते गिलाव्यावरून. दाराच्या समोर, वेदीच्या बाजूच्या भिंतीवर हातभर चौकोन तसाच ठेवायचा, असं शांतवन म्हणाला. पाळकांना ते पटेना. ती यहूद्यांची रीत, आपल्या उपासनेत तिचं काय काम, असं त्यांचं म्हणणं. गणपतीची हरकत वेगळीच होती. लोक म्हणतील गणपतीला गिलावा येत न्हाय, म्हणाला. मंडळीची बैठक भरली. शांतवन एरवी बैठकीत बोलायचा नाही. त्या दिवशी उभा राहिला.

"ते मंदिर आपल्या प्रभूचं पण होतं," तो म्हणाला. "चाळीस दिवसांचा होता तेव्हा त्याची आई त्याला तिथं घेऊन गेली. बारा वर्षांचा असताना तो तिथं गुरुजनांत बसला, आईबाप तीन दिवस त्याला शोधत होते. त्या मंदिराचा पुढचा नाश दिसला तेव्हा तो शहराकडं बघून रडला. त्याला रडू आलं, मग आपल्याला हातभर जागा सोडता येऊ नये?"

शेवटी पाळक राहू द्या म्हणाले. गणपतीसाठी शांतवननं त्या चौकोनाला सागवानी चौकट केली, पॉलिश मारून, म्हणजे कुणालाही दिसावं, की हे राहून गेलेलं नाही, ठेवलेलं आहे.

दोन हजार साली, नाताळाच्या आदल्या रविवारी चर्चचं समर्पण झालं. शेठ सहकुटुंब आले. गावच्या पेठेतली वरच्या जातीची मंडळी आली, गणपतीची माणसं आली. शांतवननं पत्र घातलं होतं म्हणून चेऊलकरसाहेब पुण्याहून एसटीनं आले, खिशातली काळी टोपी डोक्यावर चढवून आत शिरले. समोरचा चौकोन दिसला तशी त्यांची पावलं थांबली. ते त्याच्यापाशी गेले, उघड्या दगडावर हात ठेवला आणि ओठांत काहीतरी म्हणाले. भाषा कुणाला कळली नाही.

चिमणाबाईनं त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, "तुमचं देऊळ पडलं त्याला लई वर्सं झाली म्हणं. अजून कुणी रडतंय का?"

"रडतात, आई. दरवर्षी."

"आमचं पडायला व्हतंच कुठं," ती म्हणाली. "आमचं आज झालं."

उपासना संपल्यावर शांतवननं मंदिर टेबलावर मांडलं. त्यानं पहिल्यांदाच सगळ्यांसमोर सांगितलं, की शलमोनाच्या देवळाभोवती मी हेरोदाच्या काळची भिंत लावली होती, ही माझी चूक आणि ती या साहेबांनी दाखवली. मग त्यानं भिंतीचा अर्थ सांगितला, राजाची प्रार्थना सांगितली, पडदा दोन्हीकडं ओढून दाखवला. आणि आईला हाक मारली. "अव्वा, ही उचल."

चिमणाबाईला वाटलं, तो थट्टा करतोय. मग तिनं दोन बोटांनी भिंत धरली. ती अलगद वर आली. तिच्या हातात दीड इंच उंचीची, हातभर लांबीची ती पट्टी, खाली बारीक खुंट्या. ती पट्टीकडं बघत राहिली, मग तिनं सगळ्यांकडं पाहिलं. पेठेतली माणसं होती, शेठ होते, साहेब होते. तिनं उजव्या हाताचं बोट अंगणात ठेवलं आणि चालवत चालवत नेलं; बायकांच्या अंगणातून, वेदीजवळून, दोन खांबांमधून, थेट आत. बोट आत टेकल्यावर ती लेकाला म्हणाली, "सागवान चांगलं हाय."

शांतवनला हसू आलं आणि डोळेही भरले. ती आयुष्यात त्याच्या कामाला कधी चांगलं म्हणाली नव्हती.

चिमणाबाई पुढं तीन वर्षांनी गेली. तिची शवपेटी शांतवननंच केली, खिळा न मारता. त्यानंतर मंदिर गावोगाव फिरलं. मिरज, इचलकरंजी, गडहिंग्लज, जिथून बोलावणं येईल तिथं शांतवन टेंपोत बसून जायचा, आणि भिंत काढायची वेळ आली की समोरच्या कुणातरी म्हाताऱ्या बाईला पुढं बोलवायचा. चेऊलकरसाहेब निवृत्त होऊन इस्राएलात लेकीकडं राहायला गेले. त्यांचं एक पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, की त्या उरलेल्या भिंतीपाशी उभा होतो, लोक तिच्या फटींत चिठ्ठ्या ठेवतात, मी आईंच्या नावाची एक ठेवली आहे. शांतवननं ते पत्र शेठना वाचून दाखवलं.

दोन हजार पाच सालच्या पावसाळ्यात पंचगंगेला कधी नव्हे असा पूर आला. नदीकाठची गावं पाण्यात गेली, माणसं ट्रॅक्टरवर बसून उंचावरच्या गावांत आली. गडमुडशिंगीची शाळा भरली, तशी शांतवननं पाळकांना न विचारताच चर्च उघडलं. बाक बाहेर काढून एकावर एक रचले. सत्तर-ऐंशी माणसं आत आली. कुणबी, धनगर, मुसलमान, कुणी कुणाला विचारलं नाही. बायकांनी दारातच भिजलेल्या चपला काढल्या आणि आत जावं की नको म्हणून थबकल्या. शांतवनच्या बायकोनं, सुवार्तानं, एकेकीचा हात धरून आत घेतलं.

त्यांत शेवंताबाई नावाची एक म्हातारी होती. घरातलं सगळं वाहून गेलं होतं, तिनं वाचवलं होतं ते एक फडक्यातलं गाठोडं. त्यात तिच्या देव्हाऱ्यातले टाक होते. कुठं ठेवायचे म्हणून ती कावरीबावरी झाली होती. ख्रिस्ती देवाच्या घरात आपले देव चालतील का, असं तिनं शांतवनला हळूच विचारलं. तो स्वतः मूर्तीपुढं कधी हात जोडायचा नाही, आणि ते त्यानं लपवलंही नव्हतं. मग त्यानं शब्बाथशाळेचं कपाट उघडलं, वरचा खण रिकामा केला, कोरडं फडकं अंथरलं आणि तिला म्हणाला, "हितं ठेवा, आजी. पाणी लागणार न्हाय." कपाटाला कुलूप लावून किल्ली तिच्याच पदराच्या टोकाला बांधायला दिली.

रविवारी सकाळी पाळक कसेबसे येऊन पोचले. आत माणसं झोपलेली, पोरं अंथरुणात, एका कोपऱ्यात कुणाची तरी लेकुरवाळी बाळाला पाजत बसलेली. उपासना कुठं घ्यायची, त्यांनी विचारलं. शांतवननं आधीच परड्यात ताडपत्री बांधून ठेवली होती. मंडळी तिच्याखाली दाटीवाटीनं उभी राहिली. पाऊस इतका होता, की गाण्याची पहिली दोन कडवी कुणाला ऐकूच गेली नाहीत. तिसऱ्या कडव्याला शांतवननं आवाज चढवला. आतून पुरातली दोन-चार पोरं खिडकीशी येऊन ऐकत उभी राहिली.